कुर्ल्यात बनलेली गाडी, कुर्ल्यात मिळालेलं इंजिन: जुन्या पॅलिओत सेकंडहँड इंजिन कसं बसवावं

मिलन सबवेत पाणी बंपरला लागलं तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. नाही फिरलो. मधोमध इंजिन बंद पडलं, आणि मी पुन्हा किल्ली फिरवली. खरा गाढवपणा तो. ‘ठक्’ असा एकच आवाज आला आणि संपलं. हवा-पेट्रोल दाबलं जातं, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला बघतो, पाणी जागा सोडत नाही आणि बिचारा कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीची किल्ली पुन्हा फिरवायची नाही, ढकलत बाहेर काढायची, एवढं पाळलंत तर पुढचं काही करायची वेळच येणार नाही.

माझी गाडी फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स. २००१ साली पॅलिओ आली तेव्हा १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह आणि १०० अश्वशक्तीची हॅचबॅक म्हणजे चैन होती. प्रीमियर पद्मिनी जिथून निघायची त्याच कुर्ल्याच्या कारखान्यात हीही बनली. वाकलेला रॉड, खरवडलेला बोअर (सिलिंडरची आतली भिंत), हेडचं (व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाचं) काम असा दुरुस्तीचा हिशोब मांडला आणि लक्षात आलं की बाजारातलं अख्खं चालू इंजिन स्वस्त पडतंय.

इंजिन कोणतं घ्यावं

तेच. दुसऱ्या पॅलिओ १.६ चं, नाहीतर पेट्रा किंवा सिएना १.६ चं. ‘एवढं उघडतोच आहे तर मोठं इंजिन टाकू’ हा किडा प्रत्येकाच्या डोक्यात वळवळतो, माझ्याही वळवळला. आमचे मिस्त्री म्हणाले, ‘भाऊ, आहेत ते शंभर घोडे आधी नीट पळवा.’ तेच इंजिन घेतलं की माउंटिंग, एक्सल, वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सायलेन्सरचा पाईप सगळं जागच्या जागी बसतं. मोठं इंजिन आणलं की यातली प्रत्येक गोष्ट वेगळा खर्च होऊन समोर उभी राहते.

कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन बदलायला वाट आहे. मनमानी बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

बाजारात गेल्यावर

जायचं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. (नावातलं सीएसटी म्हणजे बोरीबंदरचं स्टेशन नव्हे, सेंट्रल साल्सेट ट्रामवे. रिक्षावाल्याला ‘कुर्ला-कलिना’ असं सांगा, नाहीतर गोंधळ.) इंजिन शक्यतो गिअरबॉक्ससकट मागा. स्टार्टर गिअरबॉक्सच्या घंटेवर (इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या घंटेसारख्या तोंडावर) बसतो, त्यामुळे सुट्टं इंजिन दुकानात फिरवून बघता येत नाही. दुकानदार ‘चालू इंजिन है साब’ म्हणणारच. आपण हसायचं आणि ऑइलचं झाकण उघडायचं.

पहिल्या इंजिनाला मी बयाणा देऊन बसलो होतो. वरून पुसून चकचकीत केलेलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी झाकणाच्या आतून बोट फिरवलं, बोटाला कटिंग चहाच्या रंगाची साय लागली. पावसाळ्यात रोज थोडीशीच चालणाऱ्या गाडीतही झाकणाखाली अशी साय धरते, म्हणून त्यांनी डिपस्टिक काढली. तीही तशीच. मग अल्टरनेटरच्या जाळीत टॉर्च मारला, तर आत बारीक सुकलेला गाळ. म्हणजे पाण्यात बुडालेल्या गाडीसाठी मी पैसे देऊन पाण्यात बुडालेलंच इंजिन घेत होतो. बयाणा गेला तो गेला. तेव्हा डिपस्टिक, अल्टरनेटर, स्टार्टर आणि फ्लायव्हीलचा गंज हे सगळं बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका.

दुसऱ्या इंजिनाचं आम्ही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी लावून स्टार्टर मारा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. चौघांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

शेवटचं म्हणजे ब्लॉकवरचा इंजिन नंबर. घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर इंजिन कितीही गोड असो, सोडा. नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, दोन्ही घ्या. दुकानदार ते देत नसेल तर चोरीचं इंजिन आपल्या नावावर चढवून घेण्यात काय हशील?

बसवण्याआधी जमिनीवर

स्वस्त इंजिन महाग पडतं ते इथे. इंजिनाला जेवढे मोजले त्याच्या निम्मे तरी पैसे बाजूला ठेवा आणि ते उघड्यावर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, थर्मोस्टॅट हे सगळं नवं घाला. मागचा सील शंभर-दोनशेचा म्हणून राहू दिला आणि महिन्याने तो गळला, तर तेवढ्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो. बेल्ट तर सोडायचाच नाही. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड गेलं. कॅमशाफ्ट लॉक करायचं हत्यार ज्याच्याकडे आहे अशाच फियाटच्या माणसाकडून बेल्ट बसवून घ्या. व्हाइटनरच्या खुणेवर भिस्त ठेवणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचंही तेच. जुनी प्लेट ‘अजून वर्षभर चालेल’ असं कोणीतरी म्हणतंच.

जुनं उतरवणं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करू नका. सेक्रेटरी येतील, ऑइल सांडेल, भांडण होईल. ओळखीच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार जागा भाड्याने मागा. डोक्यावर भक्कम गर्डर आणि त्याला चेन पुली हवी. इंजिन-गिअरबॉक्स ही हौशी हातांनी पेलायची गोष्ट नाही, आणि टांगलेल्या वजनाखाली हात-पाय घालायचे नाहीत.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी चाकांवर उभी असतानाच एक्सलचे नट ढिले करा, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवल्यावर चाक गरगरत राहतं. बॉनेटच्या बिजागऱ्यांवर खूण करून ते उतरवा, मग कूलंट आणि ऑइल काढून रेडिएटर-पंखा बाहेर. एसीचा कॉम्प्रेसर पाईप न सोडता नुसता बोल्ट काढून बाजूला बांधा, गॅस वाचतो. पेट्रोलची नळी सोडताना खाली फडकं धरा, आत प्रेशर असतं. तेव्हा आसपास बिडी नको.

वायरिंगला घाई नको. प्रत्येक सॉकेटला मास्किंग टेपवर नाव लिहा आणि सुटण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. मी दोन सेन्सरांवर ‘लक्षात राहील’ म्हणून टेप लावली नाही. रविवारी दुपारी ते दोन्ही सॉकेट हातात धरून अर्धा तास बसलो होतो. बोल्टही एका डब्यात टाकू नका. माउंटिंगचे वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे.

नवं बसवणं

काढलं त्याच्या उलट क्रमाने, असं सगळेच म्हणतात. ते बरंचसं खरं आहे. मात्र इनटेक, सेन्सर आणि इंजेक्टर दोन्ही इंजिनांतले शेजारी ठेवून बघा आणि चांगले असतील ते वापरा. ईसीयू आपल्याच गाडीचा ठेवायचा, कारण इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) असलेल्या गाडीत किल्लीची चिप त्याच्याशीच बोलते. क्लच प्लेट मधोमध आणूनच प्रेशर प्लेट आवळा, नाहीतर गिअरबॉक्सची शाफ्ट आत जात नाही. आणि जात नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. घंटेला चीर जाते. इंजिन थोडं खाली-वर करा, फ्लायव्हील जरा फिरवा, ‘खट्’ करून बसेल. माउंटिंगचे बोल्ट आधी सगळे हाताने लावून मग शेवटी आवळायचे.

पहिला स्टार्ट

ऑइल-कूलंट भरून प्लग बाहेर ठेवा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा-थोडा स्टार्टर मारा. मग प्लग, फ्यूज आणि किल्ली. सुरुवातीला धूर होतो. बोअरमध्ये राहिलेलं ऑइल जळत असतं, घाबरू नका. हीटर चालू ठेवून कूलंटमधली हवा काढा.

मुंबईत खरी परीक्षा वेगाची नसते, साकीनाक्याच्या सिग्नलची असते. भर दुपारी एसी लावून तिथे अर्धा तास अडका. तापमानाचा काटा मध्यावर राहून पंखा चालू-बंद होत राहिला तर काम जमलं. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, जुन्या ऑइलमध्ये धातूच्या कणांची चकाकी दिसते का बघा.

आरटीओ

काम सुरू करण्याआधी ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यातल्या आपल्या कार्यालयात मंजुरीचं विचारा. इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा असतो. बिल, जुनी आरसी, विमा, पीयूसी आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी सोबत ठेवा. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. आरसी आणि पॉलिसीवर वेगवेगळे नंबर असले की क्लेमच्या वेळी वाद होतो. आरसीची मुदत संपत आली असेल तर फेरनोंदणी जवळ आली आहे, तिच्याआधी हा नंबर आरसीवर चढलेला बरा.

तपासणीला जाताना डिकीत थोडं रॉकेल, कॉटन वेस्ट आणि टॉर्च टाका. नंबर ब्लॉकवर अडचणीत असतो, त्यावर काळं ऑइल बसलेलं असतं, आणि इन्स्पेक्टर साहेबांना तो दिसला नाही तर ते पुढची तारीख देतात.