नागपूरला लंबी रोटी शिकायला येताय? या चुका टाळा

पूर्वी नागपूरला पाहुणे आले की तर्री पोहे, संत्रा बर्फी आणि एक दिवस सावजी एवढ्यावर भागायचं. आता बरेच जण येतानाच सांगतात की आम्हाला ती मटक्यावरची रोटी कोणाच्या तरी घरी बसून शिकायचीय, म्हणजे ती लंबी रोटी हो, कोणी मटका रोटी म्हणतं कोणी मांडे म्हणतं, चुलीवर उपडा मटका ठेवलेला असतो आणि बाई कणकेचा ओलसर गोळा हातावर झेलत झेलत पार कोपरापर्यंत लांबवते आणि एका झटक्यात मटक्यावर टाकते. मोबाईलवर तो झटका पाहिला की सगळ्यांना वाटतं हे जमलं की झालं! आणि इथंच पहिली चूक होते.

झटका शेवटचा अर्धा मिनिट असतो. त्याच्या आधी दीड-दोन तास पीठ चाळणं, भिजवणं, तिंबणं, मुरवणं चाललेलं असतं आणि रोटी फाटायची की नाही ते तिथंच ठरतं. पाहुणे मात्र बरोबर तेव्हा पोचतात जेव्हा गोळे तयार असतात, मग एक-दोन रोट्या फाडतात, फोटो काढतात, आणि परत जाऊन सांगतात की बाप रे हाताचं कसब आहे, आपल्याला नाही जमणार. अहो पीठ तुम्ही मळलंच नाही तर हाताला कळणार काय? तेव्हा घरच्या बाईला आधीच विचारून ठेवा, मावशी तुम्ही पीठ कधी भिजवता, आणि त्या वेळेला जा. चूल पेटायच्या आधी.

पिठाचं गणित

रोटी मधोमध फाटते ही सगळ्यात कॉमन तक्रार, आणि दहातल्या नऊ वेळा दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो.

इथं बहुतेक घरांमध्ये लोकवन गहू वापरतात. हा लोकवन म्हणजे गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं लोक-१ वाण, आपल्याकडे त्याचा लोकवन झाला. त्याच्या कणकेला ताण चांगला येतो. हौशी लोक काय करतात, हेल्दी म्हणून खपली गहू आणतात नाहीतर बन्सी गहू आणतात. बन्सी शेवया-रव्याला मस्त, पण तिची कणीक चिवट होते, ओढली की लांबत नाही, मागं येते. खपलीत तर ताण धरायची ताकदच कमी. घरी जाऊन करून बघणार असाल तर तुमच्या चक्कीवाल्याला लोकवनच मागा, आणि बारीक दळून घ्या.

मग चाळणं. नुसती चाळणी फिरवून भागत नाही, जुन्या बायका पीठ चक्क पातळ कपड्यातून गाळतात, वस्त्रगाळ. याला कारण आहे, कोंड्याचे बारीक बारीक तुकडे धारदार असतात आणि कणीक ताणली की ग्लूटेनचे (कणकेला ताण देणाऱ्या गव्हातल्या चिकट प्रथिनाचे) धागे तिथंच तुटतात, जाड रोटीत ते दिसत नाही पण ही रोटी इतकी पातळ असते की पलीकडचा हात दिसतो, त्यात कोंड्याचा एक कण म्हणजे एक भोक. काही जण शॉर्टकट म्हणून अर्धा मैदा घालतात. रोटी होते, सोपी पण होते, पण तिला गव्हाची ती गोडसर चव राहत नाही आणि गार झाली की रबर. ज्यांच्या घरी शिकताय तिथं मैदा घालत असतील तर गुपचूप बघा, तो त्यांचा धंद्याचा हिशोब आहे, तिथं शहाणपणा शिकवू नका.

आता पाणी. पोळीच्या कणकेला एक किलोला साधारण सहाशे-साडेसहाशे मिली पाणी लागतं, लंबी रोटीला साडेसातशे-आठशे आणि कधी त्याच्याही वर जातं, गहू बदलला, दळण बदललं की आकडा बदलतो म्हणून कोणी तुम्हाला वाटी-चमच्यात सांगणार नाही. आपल्यासारख्यांचा हात पोळीच्या सवयीचा, कणीक हाताला चिकटायला लागली की लगेच कोरडं पीठ भुरभुरवतो. तिथं मावशी ओरडणारच, "पीठ काहून टाकून राहिली व? पाणी लाव हाताले!" बरोबर आहे त्यांचं. चिकटतंय म्हणजे चुकलंय असं नाही, चिकटतंय म्हणजे अजून तिंबायचंय. परातीत उचलून आपटायचं, घडी घालायची, परत आपटायचं, पाण्याचा हबका मारत मारत, आणि एका टप्प्यावर ती कणीक आपोआप परात सोडायला लागते. तो टप्पा यायच्या आधी हात दुखतो आणि लोक थांबतात. थांबू नका, फार तर हात बदला.

मिठाचंही एक आहे. मिठानं ग्लूटेन आवळतं, त्यामुळे सुरुवातीलाच भरपूर मीठ घातलं तर पीठ पाणी प्यायला आणि सैल व्हायला वेळ घेतं. बेताचं मीठ पाण्यात विरघळवून घाला, चव रस्श्यात आहे, रोटीत नाही. तेलाचं प्रत्येक घराचं वेगळं, कोणी हाताला तेल लावतं कोणी नुसतं पाणी, जिथं शिकताय तिथलंच उचला, यूट्यूबवरचं दुसऱ्या घरचं मध्ये आणू नका नाहीतर दोन्ही बिघडतं.

मुरायला वेळ न देणं ही अजून एक. कणीक ओढली की आखडून परत गोळा होते? तिला झोपू द्या अजून अर्धा तास. ओल्या कपड्याखाली बरं का, कारण नागपूरची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की पाच मिनिटात वर पापुद्रा धरतो आणि मग तो पापुद्रा रोटीत गाठ म्हणून येतो. पावसाळ्यात उलटं, तेव्हा पाणी थोडं हात आखडूनच घाला.

हातावर घेतल्यावर

अंगठ्या, कडे, घड्याळ, लांब नखं, सगळं आधी काढून ठेवा. नखं काढता येत नाहीत, कापून या! यावर जास्त बोलत नाही.

लोक गोळा घेतात तो फार मोठा. बाईचा हात वर्षानुवर्षांचा आहे, तिच्याएवढा उंडा तुम्हाला पेलणार नाही, अर्धा घ्या. आणि बोटांनी ओढू नका. ही रोटी बोटांनी ओढायची नसतेच, ती स्वतःच्या वजनानं लोंबते, आपण फक्त तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे तिला फिरवत ठेवायचं. थांबलात की खाली लोंबून भोक. कडा जाड आणि मध्ये पातळ होत असेल तर तुम्ही मधूनच उचलताय, उचलायचं काठाजवळून. सुरुवातीला खाली परात ठेवून करा, पडली तर परातीत पडेल, गोळा परत करून बाजूला ठेवा, लगेच परत ताणायला घेऊ नका, तिलाही दहा मिनिटं पाहिजेत.

मटका आणि जाळ

रोटी मटक्याला चिकटून बसली आणि खरवडून काढावी लागली तर मटका तापलेला नव्हता. ओली कणीक तापलेल्या मातीवर पडली की खाली लगेच वाफ होते आणि ती रोटीला उचलून धरते, कोमट मातीवर मात्र ती खळ लावल्यासारखी डकते. माती लोखंडापेक्षा हळू तापते म्हणून पाहुण्यांना घाई होते, "झाला का, टाकू का?" नाही झाला. चिमूटभर कोरडं पीठ मटक्यावर टाकून बघा, पांढरंच राहिलं तर थांबा, हळूहळू बदामी झालं तर टाका, टाकल्या टाकल्या काळं पडलं तर जाळ मागं ओढा.

तापलेल्या मटक्यावर गार पाणी कधीच ओतायचं नाही, तडकतो. नवीन मटका पण एकदम मोठ्या जाळावर ठेवला की तडकतो कारण मातीच्या छिद्रांत ओल असते आणि तिची वाफ व्हायला लागते, त्याला आधी उन्हात नीट वाळवून मग बारीक आचेवर तासभर तापवतात, मग खरा जाळ.

जाळाकडे कोणी पाहुणा लक्षच देत नाही आणि मला विचाराल तर अर्धी विद्या तिथं आहे. इकडे चुलीला तुऱ्हाटी, पऱ्हाटी म्हणजे तुरीची नाहीतर कापसाची वाळलेली झाडं वापरायची पद्धत जुनी आहे, ती भरकन पेटते आणि भरकन विझते, तिच्यानं मटका वरपर्यंत लवकर तापतो पण सारखी सारावी लागते. बाभळीचं लाकूड टिकतं, निखारा धरतं. एकाच बाजूनं लाकूड सारलं की मटक्याची ती बाजू लाल आणि दुसरी थंड, मग रोटी एका अंगाला करपते आणि दुसऱ्या अंगाला कच्ची, आणि शिकणारा समजतो माझी रोटी जाड-पातळ झाली. एखादा दिवस नुसतं चुलीपुढं बसायचं काम मागून घ्या. डोळे झोंबतील. पण रोटी पापडासारखी कडक का झाली याचं उत्तर तिथंच मिळतं: आच कमी होती, रोटी मटक्यावर जास्त वेळ राहिली, पाणी सगळं उडून गेलं. जोरदार आचेवर मिनिटभरही लागत नाही, काठ सुटले की सराट्यानं म्हणजे उलथन्यानं उचला, घडी घाला आणि कपडा घातलेल्या टोपल्यात टाका, उघडी ठेवली की संपलीच.

आणि कपडे सुती घाला. सिंथेटिक ओढणी घेऊन चुलीपुढं बसणारे पाहून मावशींचाच जीव वर-खाली होतो.

घरी जाताना वागायचं कसं

बऱ्याच बायकांचा हा रोजचा धंदा आहे, लग्नाच्या, बारशाच्या ऑर्डरी असतात, रोटीमागे दर ठरलेला असतो. दोन-तीन तास तुम्हाला शिकवणं म्हणजे तेवढ्या रोट्या बुडाल्या. आधी सरळ विचारा की मावशी, वेळेचे किती घ्याल, आणि सांगितलं की घासाघीस करू नका. आमची घरगुती ओळख आहे, पैसे काय द्यायचे, असं म्हणणारे तर मला अजिबातच आवडत नाहीत. ओळख असेल तर पीठ, लाकूड, तेल तरी तुम्ही आणा.

ही कला शहरातल्या कष्टकरी बायकांनी टिकवलीय, त्यातल्या कित्येक जणी दलित वस्त्यांमधल्या आहेत, तेव्हा त्यांच्या अंगणात बसून "किती साधं राहता हो तुम्ही, किती मस्त" वगैरे बोलू नका, आणि व्हिडिओ काढायच्या आधी विचारा. चेहरा नको म्हटलं की नको. वस्तीचा पत्ता टाकू नका.

तारीख बघून या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या वर्षीच्या अशोक विजयादशमीला, इथंच धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्या आठवड्यात अनेक घरं आपल्याच पाहुण्यांनी भरलेली असतात, शिकवणी मागायला जाऊ नका, दीक्षाभूमी बघायला मात्र जरूर या. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हॉटेलं महाग आणि भरलेली. मे महिन्यात पारा कधी कधी पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यात चूल! जानेवारी-फेब्रुवारी बेस्ट, पण लग्नाच्या दाट तिथी सोडून.

अजून एक, खानदेशी मांडे आणि ही रोटी एक समजू नका. तिकडे पुरण भरून खापरावर भाजतात, इकडे आत काही नसतं, ही पाटोडीच्या म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रस्श्याबरोबर नाहीतर सावजी मटणाबरोबर खायची. सावजी झणझणीत असतं, पहिल्यांदाच खाणार असाल तर शिकायच्या आदल्या रात्री नको, दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसवणार नाही.

घरी परत गेल्यावर

फ्लॅटमध्ये गॅसवर मटका ठेवायचा प्रयत्न करतात लोक. गॅसची ज्योत मधोमध एकाच जागी लागते, मातीला ते सोसत नाही, आणि किचनमध्ये तापलेला मटका फुटणं ही काही गंमत नाही. लोखंडी कढई उपडी ठेवा, रुमाली रोटीवाले तेच करतात. लोखंड लवकर तापतं आणि लवकर करपवतं म्हणून आच मध्यम ठेवा आणि रोटी अर्ध्याच आकाराची करा. मातीची चव येणार नाही, पण पीठ बरोबर झालं की नाही ते कळायला कढई पुरते. गच्चीवर चूल मांडायची सोय असेल तर मटका तुमच्याच गावच्या कुंभाराकडून घ्या, गोल बुडाचा, आतून-बाहेरून रंग नसलेला. नागपूरहून ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन गेलेले मटके पोचतात कमी आणि फुटतात जास्त.