काळा डाग दिसला की आधी पांढरी रेघ शोधा

कापूस वेचणीच्या दिवसांत जिंतूरकडच्या एक मावशी सेलूला माझ्या दवाखान्यात आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी दाताची छोटी एक्स-रे फिल्म काढली. "ताई, मुळाला गळू हाय म्हणले. दात काढावा लागंल म्हणले." फिल्म खालच्या डाव्या बाजूची होती आणि दुसऱ्या उपदाढेच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा काळा गोल होता. पण त्या दाताला कीड नव्हती, ठोकून पाहिलं तर दुखत नव्हतं, बर्फ टेकवला तर मावशींनी लगेच हात वर केला. म्हणजे दात जिवंत होता. तो काळा गोल म्हणजे मेंटल फोरॅमेन, खालच्या ओठाकडे जाणारी नस हाडातून बाहेर पडते ते छिद्र. ते प्रत्येकाला असतं. ठणका खरा होता, पण मागच्या दाढेचा.

शिकाऊ असताना याच छिद्राला मीही गळू म्हटलं होतं. वरिष्ठांनी हात धरला म्हणून एका चांगल्या दाताची रूट कॅनल टळली. त्यामुळे दवाखान्यात शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी आजार नंतर दाखवते, निरोगी जबडा आधी.

फिल्म खिडकीशी धरून बघू नका. व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे आतून उजेड देणाऱ्या पेटीवर ठेवा, कडेचा उजेड काळ्या कागदानं झाका. फिल्मवरचा बारीक उंचवटा आपल्याकडे आला की पेशंट समोर बसल्यासारखा दिसतो, त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे.

आता एक दात निवडा. सगळ्यात पांढरं ते इनॅमल, त्याखाली जरा करडं डेंटिन, मधे काळसर नस. मुळाभोवती केसाएवढी काळी रेघ दिसेल, ती दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंची जागा. तिच्या बाहेर पातळ पांढरी रेघ, ती लॅमिना ड्युरा, दात बसतो त्या खाचेची हाडाची भिंत. पेनचं टोक न टेकवता या पांढऱ्या रेघेवरून फिरवा. दोन दातांमधल्या हाडाच्या माथ्यापासून निघा, मुळाच्या कडेनं खाली जा, टोकाला वळसा घाला, दुसऱ्या बाजूनं वर या. घाई करू नका, टोकाशी तर अजिबात नको. रेघ अखंड असेल आणि काळी फट सगळीकडे सारखी असेल, तर तो डाग बहुधा मुळाच्या पुढे किंवा मागे असलेल्या कशाची तरी सावली आहे.

पण नुसत्या रेघेवर निकाल देऊ नका. किरणांचा कोन बदलला की चांगली रेघही पुसट होते. बर्फ लावून बघा आणि एक्स-रेची ट्यूब थोडी मागे सरकवून दुसरी फिल्म घ्या. गळू मुळाच्या टोकाला चिकटून राहतं. मेंटल फोरॅमेन मात्र गालाच्या बाजूला असल्यामुळे ट्यूबच्या उलट, म्हणजे पुढे सरकतो. वरच्या दोन पुढच्या दातांमधे दिसणारं टाळूचं छिद्र आतल्या बाजूचं, ते ट्यूबच्याच दिशेनं जातं. त्याची रुंदी 10 मिलिमीटरच्या पुढे गेली तर गाठीचा संशय घ्या.

वरच्या दाढांवरची मोठी काळी पोकळी म्हणजे सायनस, गालामागच्या हाडातली हवेची पोकळी. तिच्या तळाची पांढरी रेघ दाढांच्या मुळांवरून जाते आणि मुळं आत घुसल्यासारखी वाटतात. बऱ्याचदा ती घुसलेली नसतात, एकावर एक सावली पडलेली असते. दाढ काढून वर्षं झाली असतील तर सायनस त्या जागेत खाली उतरलेला दिसतो, तोही आजार नाही. पहिल्या दाढेवरचा पांढरा यू गालफडाच्या हाडाचा. वरच्या अक्कलदाढेच्या फिल्ममध्ये कोपऱ्यात पांढरा त्रिकोण आला तर तुटलेलं मूळ समजून शोधत बसू नका. तोंड मोठं उघडल्यावर खालच्या जबड्याचं टोक पुढे येतं, ते आहे.

खाली हनुवटीच्या मध्यावर पांढरं कडं आणि त्यात काळा ठिपका असतो. दाढांखाली दोन पातळ पांढऱ्या रेघांमधून नसेची वाट जाते. त्याच भागात लाळग्रंथीच्या खळग्यामुळे हाड पातळ असतं आणि काळपट दिसतं.

लहान मुलांच्या फिल्ममध्ये जास्त सांभाळा. मूळ पूर्ण झालेलं नसतं, उघड्या टोकाशी काळा गोल असतो आणि आईच्या पोटात गोळा येतो. त्या गोलाभोवती स्वच्छ पांढरी कड असेल, तर तिथं मूळ अजून वाढतंय.

ओपीजीसाठी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या मोठ्या एक्स-रेसाठी, मी पेशंटला परभणीला पाठवते. चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहिते, नथ, झुबे, गळ्यातलं सगळं काढूनच फोटो घ्यावा. एका कानातल्या झुब्याची धूसर सावली दुसऱ्या बाजूला, थोडी वर उमटते आणि चांगल्या हाडात नसलेलं काहीतरी दिसू लागतं. मंगळसूत्र काढायला बायका कचरतात. म्हणून चिठ्ठीत पुढे एक ओळ असते, ते टेबलावर ठेवू नये, त्यांच्या सोबतच्या माणसाच्या हाती द्यावं.