फोर्ड मॉडेल ए ची चेसिस घरी आणायचीय? आधी एक्सल बांधा

विट्याजवळच्या एका गोठ्यातून आम्ही 1930 ची मॉडेल ए साताऱ्याला आणली, बॉडी उतरवलेली, इंजिन आणि गिअरबॉक्स बाजूला काढून ठेवलेले, पण चारी चाकं जागेवर, त्यामुळे वाटलं ढकलत बाहेर काढू. दोन हात पण गेली नसेल तोवर पुढचा एक्सल खालून गोल फिरला, पाट्याचे शॅकल (पाटा जोडणाऱ्या झुलत्या कड्या) तिरके झाले आणि चेसिस पुढं कलली. नशीब कुणाचा पाय खाली नव्हता.

कारण समजून घ्या. या गाडीला पुढं एक आणि मागं एक असे आडवे पाटे आहेत, ते फक्त वजन पेलतात. पुढच्या एक्सलला पुढंमागं धरतो तो विशबोन, म्हणजे व्ही आकाराचा दांडा, त्याच्या टोकाचा गोळा इंजिनमागच्या फ्लायव्हील हाउसिंगच्या खाली बसतो. मागचा एक्सल टॉर्क ट्यूबवर, म्हणजे फिरता शाफ्ट आत असलेल्या नळीवर, आणि ती ट्यूब गिअरबॉक्सला. म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स काढलं की दोन्ही एक्सल नुसते पाट्यांना लोंबकळत असतात, दिसायला मात्र गाडी उभीच.

म्हणून हलवायच्या आधी तीन बाय तीन इंचाचे दोन लाकडी वासे चेसिसवर आडवे टाका, सी क्लॅम्पनं दोन्ही बाजूला आवळा, एकाला विशबोनचा गोळा आणि दुसऱ्याला टॉर्क ट्यूबचं तोंड मूळ उंचीला बांधा, गोळ्याला चिंधी गुंडाळून. वेल्डिंगचा टाका किंवा गॅस कटर अजिबात नको, 50 वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचा 2021 चा नियम आहे त्यात चेसिसमध्ये मोठा फेरफार चालत नाही. आणि बॉडी नाहीच आहे तर डाव्या रेलवर वरच्या अंगाला ठोकलेला नंबर वायर ब्रशनं हळू साफ करा, फोटो काढा, पेन्सिलनं छाप घ्या, बॉडी बसली की तो झाकला जातो.

चाकं जाम असतील तर ओढाताण करू नका, ब्रेक रॉडची पिन काढून बघा, ब्रेक सगळे रॉडवरचे आहेत, बऱ्याचदा तिथंच अडकलेलं असतं.

व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) एकशे साडेतीन इंच, चाकासकट अकरा फूट धरा, छोटा हत्ती विसरा, 14 फुटी आयशर सांगा. जेसीबीनं उचलण्यापेक्षा बांधाला आयशर मागं लावून चेसिस फळ्यांवरून आत घ्या, वर चेनपुली, आणि एक जण फक्त ठोकळा घेऊन चाकामागं, त्याला दुसरं काम सांगायचं नाही.

रॅचेट बेल्ट एक्सलला लावा, फुलीसारखे, ब्रेक रॉड आणि विशबोनला नको, धारेखाली जुनी ट्यूब घाला. बॉडीचं वजन नसल्यानं चेसिस खड्ड्यात उडते आणि बेल्ट ढिले होतात. आम्ही कडेगावला थांबून बघितलं तर मागचा डावा बेल्ट बोटानं हलत होता, परत आवळला, मग कराडला एकदा. ऊस हंगामात रात्री निघू नका, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही.

घरी उतरवल्यावर लगेच वासे सोडायची घाई होते सगळ्यांना. चेसिस स्टँडवर घेतली की एक्सल परत लोंबणार, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स बसेपर्यंत ते तसेच राहू द्या, आमचे अजून आहेत.