'ऑथेल्लो' अभ्यासायला घेताना : ओळ कुणाच्या तोंडची आहे ते आधी बघा

बीए-एमएला शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' हे नाटक लागलं की मत्सरावर प्रश्न येणार, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. कथानक तुम्ही वाचलेलं आहे असं धरून थेट मुद्द्यावर येऊ.

उत्तर घसरतं ते बहुतेक एकाच जागी. मत्सर म्हणजे हिरव्या डोळ्यांचा राक्षस, ही ओळ शेक्सपिअरचं मत म्हणून पहिल्याच परिच्छेदात टाकली जाते. ती ओळ इयागोची आहे, सेनापती ऑथेल्लोला फसवणाऱ्या त्याच्याच हाताखालच्या माणसाची! तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तो ऑथेल्लोला मत्सरापासून जपायला सांगतो, तोवर ऑथेल्लोने मत्सराचं नावही काढलेलं नसतं. 'जप' म्हणत म्हणतच तो विष आत सोडतो. ही ओळ सुविचारासारखी वापरली की इयागोच्या जाळ्यात तुम्हीही सापडता.

अब्रूबद्दलची प्रसिद्ध ओळही अशीच. पैशाची थैली चोरणारा कचरा चोरतो, पण नाव चोरणारा मला कंगाल करतो, असं इयागो याच प्रवेशात ऑथेल्लोला सांगतो. मात्र दुसऱ्या अंकात, नोकरी गेलेल्या कॅसिओला, म्हणजे ऑथेल्लोच्या नायबाला, त्यानेच सांगितलेलं असतं की अब्रू ही पोकळ गोष्ट आहे, उगाच मिळते आणि उगाच जाते. दोन्ही उतारे वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवा. समोरच्याला जे लागेल ते तो बोलतो, हे दाखवायला याहून पक्का पुरावा नाही.

इयागोची बायको एमिलिया, तिचंही तेच. मत्सरी माणसाला कारण लागत नाही, तो मत्सरी असतो म्हणूनच मत्सर करतो, असं ती म्हणते (अंक 3, प्रवेश 4). वाक्य खरंच आहे. पण रुमाल कुठे गेला, असं ऑथेल्लोच्या बायकोने, डेस्डेमोनाने, त्याच प्रवेशाच्या सुरुवातीला विचारलं तेव्हा तिने 'माहीत नाही' म्हटलेलं असतं, आणि तो रुमाल तिनेच नवऱ्याच्या हाती दिलेला असतो. म्हणून प्रत्येक अवतरणाखाली तीन गोष्टी लिहायची सवय लावा: कोण बोलतंय, कुणाला, आणि बोलणाऱ्याने नुकतंच काय केलंय. सुरुवातीला कंटाळा येईल, वेळही खाईल. दोन अंक झाले की हात बसतो, काळजी करू नका.

तिसऱ्या अंकाचा तो तिसरा प्रवेश जवळपास पावणेपाचशे ओळींचा आहे. तो तीनदा वाचा, आणि दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन डेस्डेमोना आणि कॅसिओबद्दल संशय पेरण्याचे फक्त इयागोचे डाव खुणवा. आधी 'हे मला बरं वाटत नाही' असं अर्धवट पुटपुटणं, मग साधा प्रश्न, मग ऑथेल्लोचेच शब्द त्याला परत ऐकवणं. त्यानंतर व्हेनिसच्या बायकांबद्दलचा टोमणा, मग 'तिने बापाला फसवलंच ना', आणि मग ऑथेल्लोचा वेगळा रंग आणि देश. बापाचा मुद्दा पहिल्या अंकात तिच्या बापाने, ब्रॅबान्शिओनेच, भर सभेत मांडलेला असतो, इयागो तो नुसता उचलतो. कॅसिओच्या स्वप्नाची आणि त्याने रुमालाने दाढी पुसल्याची उघड थाप येते ती ऑथेल्लोने डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागितल्यावर. बरंचसं काम खोटं न बोलताच उरकलेलं असतं. 'इयागो खोटं बोलून फसवतो' एवढंच लिहाल तर ही अर्धी कारागिरी हातून सुटेल.

रुमालाचा प्रवास एका ओळीत मांडा: ऑथेल्लो, डेस्डेमोना, एमिलिया, इयागो, कॅसिओची खोली, बियांका. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो सांगतो की तो एका इजिप्शियन बाईने आईला दिला, पाचव्यात म्हणतो बापाने दिला. ही तफावत उत्तरात आली तर तपासणारा थांबून वाचतो.

स्त्रियांच्या प्रश्नावर गाईडांनी फार नुकसान केलंय. 'डेस्डेमोना सोशिक, एमिलिया धीट' हे छापील वाक्य कृपा करून लिहू नका. पहिल्या अंकात डेस्डेमोना भर सभेत स्वतः बोलते, नवऱ्याबरोबर सायप्रसला जाण्याची परवानगी मागते. चौथ्या अंकात तोच नवरा चारचौघांत तिला मारतो. तिचं बोलणं कुठे, कुणापुढे आटत गेलं ते दाखवा. कॅसिओच्या प्रेयसीला, बियांकाला, वगळू नका. तिला वेश्या म्हणतात, डेस्डेमोनालाही तोच शब्द ऐकावा लागतो, आणि पाचव्या अंकात एमिलियालाही तिचा नवरा तेच म्हणतो.

नवऱ्यांच्या चुकांवरचं एमिलियाचं मोठं भाषण चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात आहे. 1622च्या क्वार्टोत (नाटकाच्या सुट्या छापील आवृत्तीत) ते नाही, डेस्डेमोना म्हणते ते विलोचं गाणंही नाही; दोन्ही 1623च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत) आहेत. त्यामुळे आवृत्तीची प्रस्तावना वाचा, मजकूर कशावरून घेतलाय ते तिथे असतं. टिपांसाठी आर्डेन आवृत्ती उत्तम, ग्रंथालयात मिळते.

समीक्षक शेवटी वाचा. आधी वाचलेत तर तुमचं स्वतःचं वाचन दबतं. मार्गदर्शक उलट सांगत असतील तरी माझं हेच मत आहे. ब्रॅडली (1904) ऑथेल्लोला स्वभावाने मत्सरी मानत नाही. लीव्हिस (1937) दोष ऑथेल्लोतच शोधतो, इयागोला दुय्यम ठरवतो. दोघांपैकी एकाची बाजू घ्या आणि पावणेपाचशे ओळींच्या त्या प्रवेशातल्या तुम्ही खुणवलेल्या ओळींनीच ती पटवून द्या.