लॅपटॉपचा आय५ आणि डेस्कटॉपचा आय५ सारखाच समजताय? या चुका टाळा

जून आला की सोलापुरात घरोघरी हा विषय निघतो, पोराची ॲडमिशन झाली आता लॅपटॉप घ्यायचा का डेस्कटॉप. दुकानात गेलं की लगेच ऐकायला मिळतं, "दोन्हीत आय५च हाय की ओ, मग लॅपटॉपच न्या." इथंच पैसे वाया जायला सुरुवात होते.

आय५ म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुख्य चिपची, एक मालिका. त्यातल्या दोन चिप समोर ठेवून बघा, दोन्ही १२व्या पिढीतल्या, दोन्ही २०२२च्या. लॅपटॉपमध्ये येणारी आय५-१२३५यू आणि डेस्कटॉपची आय५-१२४००. लॅपटॉपवालीत कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) १०, डेस्कटॉपवालीत ६. थ्रेड (एकावेळी चालवता येणारी कामं) दोघींचे १२, टर्बो स्पीड (जास्तीत जास्त वेग) दोघींचा ४.४ गिगाहर्ट्झ. एवढं वाचून कुणालाही वाटणार की लॅपटॉप भारी. पण त्या १० मधले मोठे, दमदार कोअर फक्त २ आहेत, बाकीचे ८ छोटे, वीज वाचवणारे, आणि १२४०० मधले सहाच्या सहा मोठे. त्यात बेस पॉवर, म्हणजे सलग काम करताना धरलेली वीज, लॅपटॉपवालीची १५ वॅट, डेस्कटॉपवालीची ६५ वॅट. बिलं, एक्सेल, ब्राउझर यात फरक फारसा जाणवणार नाही, पण लग्नाचा तासभराचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा, डेस्कटॉप सरळ पुढं निघून जातो. म्हणून कोअर आणि गिगाहर्ट्झ मोजत बसू नका, आधी वॅट बघा आणि मोठे कोअर किती ते विचारा.

नावाच्या शेवटचं अक्षर न बघणं ही पण मोठी चूक. यू म्हणजे पातळ, बॅटरी टिकवणारे लॅपटॉप. एच असेल तर ताकद जास्त, आय५-१२५००एच ४५ वॅटची आहे आणि तिच्यात मोठे कोअर ४ आहेत. सरळ सांगायचं तर आय७ (आय५ च्या वरची मालिका) यू पेक्षा आय५ एच घेतलेला बरा, जर काम जड असेल तर. आय७-१२५५यू मध्ये सुद्धा मोठे कोअर दोनच आहेत हे दुकानात कुणी सांगत नाही. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्यात तर आकड्यांचा अजून घोळ, तिच्या रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू या चिप, बघायला दहाचा फरक, पण पहिली जुन्या झेन २ (झेन म्हणजे एएमडीच्या चिपची रचना) वर ४ कोअरची आणि दुसरी झेन ३ वर ६ कोअरची. असा लॅपटॉप स्वस्तात मिळाला तर आकडा नीट वाचा, तिसरा आकडा झेन कितवा ते सांगतो, हे ७००० सिरीजच्या लॅपटॉप चिपसाठी.

आता टेस्टचं. सिनेबेंच म्हणजे चिपचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, त्याचा स्कोअर नेटवर बघून तुलना करताना व्हर्जन एकच आहे ना ते बघा, सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ चे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. आणि एकदाच पटकन रन करून निकाल लावू नका. इंटेलच्या लॅपटॉप चिप सुरुवातीचे काही सेकंद, बऱ्याचदा २८, जोरात पळतात, १२३५यू तर ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते, मग खाली उतरतात. आर२३ मध्ये १० मिनिटांची टेस्ट आहे, ती चालवा, तेव्हा खरं काय ते कळतं. एकच चिप असलेल्या दोन कंपन्यांच्या लॅपटॉपचे स्कोअर पण वेगळे येतात, कारण किती वॅट द्यायचे आणि फॅन केवढा लावायचा ते कंपनी ठरवते.

आपल्याकडं तर गरमीचा हिशोब वेगळाच धरावा लागतो. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत अजून जास्त. नेटवरचा स्कोअर एसीच्या २५ डिग्रीत काढलेला असेल तर तुमच्या खोलीत फॅन ओढतो तीच हवा १५-२० डिग्री जास्त गरम असते, मग चिप लवकर तापते आणि स्वतःला वाचवायला स्पीड कमी करते. डेस्कटॉपचा कूलर मोठा असतो म्हणून तो जास्त वेळ तग धरतो. लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवून तर टेस्ट करूच नका, खालची जाळी बंद होते. सकाळी आणि दुपारी अशी दोनदा टेस्ट घ्या, दुपारचा आकडा बराच खाली आला तर चिप वाईट आहे असं लगेच म्हणू नका.

याच्या उलट चूक पण लोक करतात, डेस्कटॉप आहे म्हणजे फास्टच असणार. सेकंडहँडमध्ये आय५-२४०० चे डबे मिळतात, ती २०११ ची चिप, ४ कोअर ४ थ्रेड, ९५ वॅट खाऊन सुद्धा वर सांगितलेल्या १२३५यू च्या मागं पडते. विंडोज ११ ला पण अधिकृत चालत नाही.

घेतलेला लॅपटॉपच स्लो वाटत असेल तर आधी चार्जर लावा, बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्पीड कमी ठेवतात, लाइट गेलेली असताना काढलेला स्कोअर धरूच नका. सेटिंगमध्ये पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर करा. चार्जर सोबत आलेलाच वापरा, कमी वॅटचा टाइप-सी लावला की स्पीड उतरू शकतो. मग एचडब्ल्यूइन्फो (चिपचं तापमान, वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून जड काम चालू असताना बघा, थर्मल थ्रॉटलिंगपुढं (तापल्यामुळं स्पीड कमी होणं) 'येस' येत असेल तर फॅनमधली धूळ काढून घ्या, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला. तिथं 'नो' असेल आणि पॉवर लिमिटपुढं (वॅटची मर्यादा) 'येस' असेल तर साफ करून फरक पडणार नाही, तेवढेच वॅट कंपनीनं ठरवलेत.