एसडब्ल्यूआर उत्तम, तरी शेजाऱ्यांचा पंखा बंद: हौशी रेडिओवाल्यांनी या चुका टाळाव्यात

हौशी रेडिओचा परवाना हाती आला की नवा हॅम (हौशी रेडिओवाला) पहिल्या आठवड्यात गच्चीवर अँटेनाची तार चढवतो आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू तक्रार घेऊन दारात उभ्या राहतात. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात घराला घर लागून असल्यामुळे हे जरा लवकरच घडते. त्यानंतर मला जे फोन येतात, त्यांतले पहिले वाक्य ठरलेले असते: “सर, माझा एसडब्ल्यूआर तर १.१ आहे.”

एसडब्ल्यूआर म्हणजे संच आणि अँटेना किती जुळतात ते सांगणारा आकडा; तो एकच्या जवळ असला की उत्तम. पण त्याला निर्दोषत्वाचा दाखला समजणे ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक आहे. रेडिओ संचातून निघालेल्या शक्तीपैकी किती परत येते, एवढेच एसडब्ल्यूआरचा मीटर सांगतो. पुढे गेलेली शक्ती तारेतून बाहेर पडली की कोॲक्सच्या (संच आणि अँटेना जोडणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या अंगावरून जिना उतरून घरात आली, हे त्याला कळत नाही. डायपोलच्या (मधोमध जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाच्या) दोन्ही भुजा सारख्या असतात, कोॲक्सची मधली तार आणि बाहेरची जाळी मात्र सारख्या नसतात. डायपोल आणि कोॲक्स थेट जोडले, की जाळीच्या आतल्या बाजूने वर आलेल्या प्रवाहाला टोकाशी दोन वाटा मिळतात: एक डायपोलची भुजा आणि दुसरी जाळीची बाहेरची बाजू. दुसरी वाट धरलेला प्रवाह कोॲक्सलाच अँटेना बनवतो, आणि ही अँटेना गच्चीवर नसून भिंतीला चिकटून, शेजाऱ्यांच्या वायरिंगपासून हातभर अंतरावर असते. ज्या एका टोकातून जोडायच्या तारा हल्ली सगळ्यांना हव्या असतात, त्यांच्या बाबतीत तर कोॲक्सची जाळी हाच परतीचा मार्ग असतो, त्यामुळे तिथे हा त्रास अपवाद नसून नियमच आहे.

वडगावातल्या एका तरुणाचे उदाहरण मी नेहमी देतो. त्याने ४० मीटर बँडसाठी (सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी) अशीच एका टोकातून जोडलेली, वीस मीटर लांबीची तार गच्चीवरून मागच्या नारळाच्या झाडाला बांधली होती आणि कोॲक्स सामाईक भिंतीवरून, शेजाऱ्यांच्या मीटर बोर्डाला जवळजवळ घासून खाली आणली होती. सकाळी तो ७.१ मेगाहर्ट्झवर बोलू लागला, की शेजारचा बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा) पंखा थांबायचा आणि त्याने बोलणे संपवले की पुन्हा फिरू लागायचा. होम थिएटर बंद असले तरी प्लग चालू असायचा, आणि त्यातून नाकात बोलल्यासारखा, एकही शब्द न कळणारा आवाज यायचा. एसएसबीचा (हौशी रेडिओवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा) आवाज ॲम्प्लिफायरमधल्या सेमीकंडक्टरने चुकून ‘ऐकला’, की तो असाच येतो. काकूंची तक्रार मोजकी होती: “तुमचं बोलणं सुरू झालं की आमचा पंखा बंद पडतोय की हो.”

मी पोहोचलो तोवर या गृहस्थाने ऑनलाइन मागवलेला लो-पास फिल्टर बसवला होता, कोॲक्सवर क्लिपचे फेराइट (रेडिओ प्रवाह अडवणारे चुंबकीय पदार्थाचे तुकडे) मण्यांच्या माळेसारखे चढवले होते आणि अंगणात अर्थिंगसाठी खड्डा खणायला माणूस सांगितला होता. पंखा मात्र थांबतच होता. लो-पास फिल्टर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या, म्हणजे १४, २१, २८ मेगाहर्ट्झवरच्या नको असलेल्या लहरी अडवतो. त्या पंख्याला त्रास होत होता मूळ ७.१ मेगाहर्ट्झचाच, आणि मूळ लहर संचाकडच्या कोणत्याही फिल्टरने अडवायची म्हणजे बोलणेच बंद करायचे. आधी तपासणी आणि मग खरेदी, हा क्रम नव्या लोकांना का पटत नाही, हे मला आजवर कळलेले नाही. दहा मिनिटांच्या तपासणीपेक्षा चार दिवसांत येणारे पार्सल त्यांना जवळचे वाटते.

आम्ही प्रथम अँटेना काढून डमी लोड (शक्ती बाहेर न सोडता जिरवणारा रोध) लावला आणि तितक्याच शक्तीने प्रक्षेपण केले. पंखा सुरळीत फिरत राहिला, म्हणजे संचाचा आणि त्याच्या पॉवर सप्लायचा प्रश्न निकालात निघाला. मग अँटेना पुन्हा जोडून शक्ती १०० वॉटवरून २५ वॉटवर आणली. शक्ती चौथ्या हिश्शावर आणली की शेजाऱ्यांच्या घरात पोहोचणारे क्षेत्र निम्मे होते, आणि समोरच्या हॅमला आपण जेमतेम एक एस-युनिट (संकेताच्या जोराचे माप) कमी ऐकू येतो. तरीही पंखा अडखळलाच. शेवटी प्रक्षेपण चालू असताना कोॲक्स हाताने नुसती इकडची तिकडे केली, तर तो सुप्रसिद्ध १.१ एसडब्ल्यूआर हलू लागला. जाळीच्या बाहेरच्या अंगावर प्रवाह असल्याची ही साधी आणि खात्रीची खूण आहे. संचाच्या डब्याला हात लावल्यावर आकडा बदलतो, तेव्हाही तेच समजावे.

उपाय म्हणून ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या, सुमारे अडीच इंच व्यासाच्या फेराइट कड्यावर पातळ कोॲक्सचे बारा वेढे घेऊन चोक (जाळीच्या बाहेरचा प्रवाह अडवणारे वेटोळे) केला. डायपोल असता तर हा चोक थेट तारेच्या जोडापाशी लावला असता. इथे तारेला परतीसाठी कोॲक्सचा थोडा तुकडा लागत असल्यामुळे तो तारेच्या टोकाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटर अलीकडे बसवला, आणि तसाच दुसरा चोक कोॲक्स खोलीत शिरते तिथे लावला. त्यानंतर कोॲक्स मीटर बोर्डाच्या भिंतीवरून काढून त्या तरुणाच्या घराच्या बाजूने उतरवली. पंखा पुन्हा थांबला नाही. होम थिएटरमध्ये थोडी कुजबुज उरली होती. स्पीकरच्या लांब तारा ॲम्प्लिफायरजवळ फेराइट कड्यावर गुंडाळल्यावर तीही गेली. कडे अर्थात त्या तरुणाच्या खर्चाने आणले.

क्लिपच्या फेराइटबद्दल दोन वाक्ये इथेच सांगतो. तारेवर एकदा बसवलेली क्लिप ७ मेगाहर्ट्झवर शंभराहून बऱ्याच कमी ओहमांचा अडथळा देते, तर एकाच कड्यातून घेतलेल्या वेढ्यांचा अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाऊन काही हजार ओहमांपर्यंत पोहोचतो. माळ घालण्यापेक्षा वेढे घ्यावेत.

दुसरी मोठी चूक तंत्राची नसून तोंडाची आहे. तक्रार घेऊन आलेल्या काकांना “माझ्याकडे केंद्र सरकारचा परवाना आहे, दोष तुमच्या टीव्हीचा आहे” असे ऐकवणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते म्हणतात त्यात तथ्यही असते, कारण स्वस्त एलईडी दिव्यात किंवा पंख्याच्या सर्किटमध्ये बाहेरच्या रेडिओ लहरींपासून बचावाची तरतूद बहुधा नसतेच. पण बरोबर असूनही त्यांची अँटेना महिन्याभरात खाली उतरते. माझी रीत अशी, की तार चढवण्याआधी आजूबाजूच्या घरांत जाऊन काय करणार आहे ते सांगावे आणि काही विचित्र घडले तर वेळ लिहून ठेवण्याची विनंती करावी. ती वेळ आपल्या लॉगशी (संभाषणांच्या नोंदवहीशी) ताडून पाहिली की निम्म्या तक्रारी आपल्या नसतात हे दोघांनाही कळते. एफटी८ (संगणकाने पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत संदेश पाठवण्याची पद्धत) चालवणाऱ्यांचे काम तर आणखी सोपे आहे: शेजारचा दिवा दर पंधरा सेकंदांनी आळीपाळीने लुकलुकत असेल, तर लॉग उघडण्याचीही गरज नाही. शेजाऱ्यांचे उपकरण मात्र कधीही उघडू नये. जे लावायचे ते बाहेरून, वायरीवर लावावे, नाहीतर पुढच्या पाच वर्षांत त्या टीव्हीचे काहीही बिघडले तरी नाव आपलेच येते.

आपल्याच घरातले दिवे लुकलुकत असताना शेजाऱ्यांना खुलासे देत बसू नये, आधी आपले घर स्वच्छ करावे.

अर्थिंगवर फार भिस्त ठेवू नये. खानापूरकडच्या जांभ्या दगडात चांगले अर्थिंग मिळणे मुळात कठीण, आणि अथणीकडच्या काळ्या मातीत ते मिळाले तरी पहिल्या मजल्यावरून खाली नेलेली दहा मीटरची तार ४० मीटर बँडवर पाव तरंगलांबीची अँटेनाच होते. सुरक्षेसाठी अर्थिंग हवेच, पण व्यत्ययावरचे औषध ते नव्हे.

इन्व्हर्टेड-व्हीची (मध्य उंच आणि टोके खाली बांधलेल्या अँटेनाची) टोके शेजाऱ्यांच्या खिडकीजवळ बांधू नयेत, कारण टोकाशी व्होल्टेज सर्वाधिक असते. मायक्रोफोनचा गेन (आवाज वाढवण्याचे बटण) शेवटपर्यंत फिरवू नये. त्याने आवाज दूर जात नाही, फक्त आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवर पसरतो.

गणेशोत्सवाचे दहा दिवस वेगळे धरावेत. मंडळाच्या कर्ण्यांच्या तारा गल्लीभर उघड्यावर ताणलेल्या असतात आणि ॲम्प्लिफायर सकाळपासून चालू असतो. आरतीच्या मध्येच हॅमचा खरखराट उमटला, तर चोक आणि फेराइटचे विवेचन ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणीही नसते. मी त्या दिवसांत मंडप उतरेपर्यंत दहा वॉटच्या वर जात नाही.

दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलताना शेजारच्या केबल टीव्हीचे चित्र गोठत असेल, तर संशय आधी केबलच्या जोडांवर घ्यावा. केबलमधून जाणाऱ्या वाहिन्या याच पट्ट्यातही असतात आणि जाळी शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. आपल्याकडच्या पावसात खांबावरचे एफ-कनेक्टर गंजतात, सैल होतात, आणि मग बाहेरचे आत शिरते. अशा वेळी शेजाऱ्यांबरोबर उभे राहून केबलवाल्याला फोन लावावा, तो आला की संचावर दहा सेकंद बोलून त्याला गोठलेले चित्र दाखवावे, आणि त्याने कनेक्टर बदलल्यावर त्याच्या देखत पुन्हा बोलून पाहावे.