कोरी कॅटफिश पाळताय? या चुका टाळा

कोरी मरायला लागले की बहुतेक जण पाण्याचा रंग बघतात. पाणी नितळ असतं, वर गप्पी आणि टेट्रा मजेत फिरत असतात, म्हणजे टाकी ठीकच असणार असं वाटतं. पण कोरीचं आयुष्य तळाच्या दोन इंचांत जातं, आणि बिघाडही तिथेच सुरू होतो.

म्हणून आधी मिशा बघा. निरोगी कोरीच्या मिशा बारीक, टोकदार आणि सतत चाळवत असतात. तळ खराब असला की त्या टोकाला लालसर होतात, मग आखूड होत होत नुसते खुंट उरतात. अन्न शोधायचं साधनच गेल्यामुळे मासा उपाशी राहतो. मूळ कारण बहुधा रंगीत, जाड खडी असते. उरलेलं खाणं तिच्या फटींत जाऊन कुजतं आणि कोरी त्यातच तोंड खुपसतो. कडा धारदार असतील तर जखमाही होतात. इथे औषध ओतून उपयोग नाही, खडी काढा. तिच्या जागी 1 मिमीपेक्षा बारीक, गोल कणांची वाळू घाला. बांधकामाची नर्मदेची वाळू चालते, मात्र ती चाळून, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती घेऊ नका. 24×12 इंचांच्या टाकीत 3 सेंमी थराला साधारण 8-9 किलो वाळू लागते. दर आठवड्याला तळाजवळून नळीने घाण ओढून 25 टक्के पाणी बदललं, तर मुळापासून न गेलेल्या मिशा पुन्हा वाढतात.

आमच्याकडे इंदुरात दिसणारी दुसरी चूक पाण्याची. नळाला नर्मदेचं पाणी आलं नाही की बोअरिंगची बादली ओतली जाते. ते पाणी बरंच जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं आणि असा अचानक बदल माशांना सोसत नाही. नळाचं पाणी आधीच भरून ठेवा आणि टाकीत घालण्यापूर्वी त्यातला क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरिन वापरा.

मे महिना सगळ्यात कठीण. बाहेर 40 अंश असताना बंद खोलीतल्या टाकीचं पाणी सहज 31-32 अंशांवर जातं. पांडा आणि पेपर्ड कोरी थंड पाण्याचे, त्यांना 25 अंशांच्या आत बरं वाटतं. कूलर किंवा एसी नसलेल्या खोलीत ते आणूच नयेत. स्टर्बाय जातीचा कोरी 28 अंशांपर्यंत आरामात राहतो, आमच्या मते इथल्या घरांसाठी तोच योग्य. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. माळव्याच्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पावसाळ्यातल्या दमट हवेत मात्र हा उपाय फारसा चालत नाही. आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. क्षार उडून जात नाहीत, त्यामुळे रोज नळाचं पाणी वाढवलं तर टाकीतलं पाणी जड होत जातं.

कोरी मधूनच वर झेपावून हवेचा घोट घेतो, त्याला घाबरू नका. तो आतड्यातून प्राणवायू शोषतो. पण सगळेच मिनिटामिनिटाला वर येऊ लागले तर प्राणवायू कमी आहे किंवा विष्ठा आणि कुजलेल्या खाण्यातून तयार होणारी अमोनिया, नायट्राइट ही विषारी द्रव्यं वाढलीत. लगेच 30 टक्के पाणी बदला, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावा आणि टेस्ट किटने तपासा. दोन्हींचं प्रमाण शून्यच हवं. नवी टाकी असेल तर फिल्टर चार ते सहा आठवडे मुरल्याशिवाय, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढल्याशिवाय कोरी आणू नका. दिसेल त्या आजारावर खडेमीठ टाकायची सवय इथे सोडावी लागेल, त्याने अमोनिया जात नाही.

‘वरच्या माशांचं उरलेलं खातील’ हा समजही चुकीचा. दिवे घालवल्यावर तळाला बसणाऱ्या गोळ्या टाका, सकाळी उरलेल्या काढून घ्या. पोट आत गेलेलं दिसलं तर खाणं पोहोचत नाहीये. कोरी एकाच जातीचे किमान सहा ठेवा, एकटा-दुकटा कोपऱ्यात दडून बसतो.

दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारी चांदीसारखी पिल्लं पंगासियस या दुसऱ्या, मोठ्या कॅटफिशची असतात. ती मीटरभर वाढतात, घरच्या टाकीत नकोत.

आणि कोरी जाळीने पकडू नका. त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात. ओढलं तर पर फाटतो, म्हणून अडकलाच तर जाळी कात्रीने कापा. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून त्याला आत हाकलणं सोपं जातं.